चारशे ग्रॅम

मनवेलपाडा, विरार पूर्व
१४ ऑक्टोबर २०२५

ब्रिटनी,

वर आधी 'चि.' लिहिलं होतं, ते खोडलं. एकतीस वर्षांच्या बाईला चिरंजीव म्हणायचा हक्क मला राहिला आहे का, अशी शंका आली. 'श्रीमती' लिहिलं असतं तर तू हसली असतीस. तेव्हा नुसतं नाव.

मी खराडे सर, शाळेतला पी.टी.चा. तुझा पत्ता आपल्या जुन्या संघातल्या जॉयलनं दिला. तो म्हणाला, सातिवलीला पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात तू सुपरवायझर आहेस आणि तुझ्या हाताखाली बावीस माणसं आहेत. ऐकून बरं वाटलं. त्यानं नंबरही दिला. मी तीनदा फोन लावला, तू उचलला नाहीस. म्हणून हे पाकीट. माझ्या घरापासून तुझा कारखाना रिक्षानं तासाभराचासुद्धा नाही. यमुना, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "एवढ्यासाठी टपाल कशाला, जाऊन या की." मी म्हटलं गुडघे दुखतात. गुडघे दुखतात हे खरं आहे.

कामाचं लिहितो. शाळेला यंदा पन्नास वर्षं झाली. स्मरणिका निघते आहे. रोवेना टीचर आता मुख्याध्यापिका आहेत, त्यांनी मला कुस्ती संघाचा इतिहास लिहायला सांगितला आहे. चार पानं. निवृत्त माणसाला कुणी काम सांगितलं की तो बाशिंग बांधूनच बसलेला असतो, तसं मी लगेच हो म्हटलं.

सुरुवात छान जमली आहे. मी नव्वद साली साताऱ्याकडून इथं आलो तेव्हा शाळेत कवायत होती, लेझीम होतं, कुस्तीचं नाव नव्हतं. आखाडा खणायचा तर माती खारवट. शेवटी आलोशियसदादांनी आपल्या केळीच्या वाडीतली दोन ट्रॉल्या माती दिली. मी तिच्यात ताक, हळद, तेल, लिंबू घालून ती मळायला बसलो तेव्हा गावातल्या बाया कुंपणापाशी उभ्या राहून विचारायच्या, मास्तर लोणचं घालतायत का. मग फादर आले. त्यांनी सौम्यपणे विचारलं की आखाड्यात मारुती बसवणार का. मी म्हटलं, फादर, माझा मारुती माझ्या पाकिटात आहे, तो तिथंच राहील. पण पोरांनी आपला आपला रस्ता काढला. आधी हिंदू पोरं माती कपाळाला लावायची आणि तुमची पोरं क्रूस काढायची. दोन वर्षांत सगळीच दोन्ही करायला लागली. जॉयल माती लावायचा आणि परेश क्रूस काढायचा, तोही डाव्या हातानं. हे सगळं लिहिलं आहे. रोवेना टीचर वाचून हसल्या.

पुढे यशाची यादी आहे. साल, नाव, वजनगट, स्पर्धा. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात एकोणीस अजिंक्यपदं, विभागाला सात, राज्याला एक पदक. यादी करताना २००९ च्या ओळीपाशी अडलो. माझ्या जुन्या वहीत तिथं दोन नोंदी आहेत. संपदा, ४६ किलो, राज्य, कांस्य. आणि तिच्या वर तुझी: 'वजन ४६.४००. चारशे ग्रॅम जास्त. अपात्र.' तारीख पुसट झाली आहे. अकरा सप्टेंबर की बारा, एवढं तुला आठवत असेल तर कळव.

एवढंच काम होतं.

खराडे सर


२७ ऑक्टोबर २०२५

ब्रिटनी,

तुझं उत्तर नाही. दिवाळीत टपाल रेंगाळतं म्हणून वाट पाहिली. मग जॉयलनं सांगितलं की पत्र तुला पोचलं, तू ते वाचलंस आणि ड्रॉवरमध्ये टाकलंस. म्हणजे फेकलं नाहीस. मी त्यात समाधान मानलं.

तारीख बारा होती. शनिवार. मला ती तेव्हाही आठवत होती. तुला लिहायला काहीतरी निमित्त लागत होतं, म्हणून विचारली.

मुलींच्या कुस्तीचं पान काल लिहिलं. २००६ साली मी हे काढलं तेव्हा पालकसभेत अर्धा तास कुणी बोललंच नाही. मग एका गृहस्थांनी विचारलं, सर, खो-खो काय वाईट आहे. तीन मुली आल्या, त्यांतली एक तू. तुझ्या आईनं, फ्लॉसीबाईंनी, तुला मनगट धरून पाचूबंदरहून आणलं होतं. त्यांच्या हातावर खवले तसेच होते. मला म्हणाल्या, "ही घरात कोनालाच ऐकत नाय. तुमाला ऐकते का बगा." आणि तू ऐकलंस. तीन वर्षं ऐकलंस. मी जे सांगीन ते तंतोतंत, त्यात तू एक शब्द इकडचा तिकडे करायची नाहीस. माझा आवडता धडा तुला आठवत असेल. शिट्टी वाजेपर्यंत समोर कोण आहे हे बघायचं नाही. त्याचं नाव, गाव, वय, नातं सगळं विसरायचं, त्याचा पाय कुठं आहे तेवढं बघायचं.

आता एक गोष्ट लिहितो, जी स्मरणिकेत नाही. २००९ साली २९ ऑगस्टला क्रीडा दिनाचा कार्यक्रम झाला. सभागृहात मॅट टाकलं होतं, खुर्च्यांवर पालक, मागे उभं अर्धं गाव. मी प्रात्यक्षिक द्यायला तुला पुढे बोलावलं. मी माईकवर बोलत होतो, दुसऱ्या हातानं डाव समजावत होतो. शेचाळीस वर्षांचा, अठ्ठ्याहत्तर किलोंचा मी, आणि समोर तू. मी तुला म्हटलं, चल, धर. तू एकेरी पट काढलास, माझा पाय उचललास आणि मला मागे घातलंस. दोन्ही खांदे मॅटला लागले. माईक माझ्या हातातच होता, त्यामुळे आवाजही मोठा झाला.

सभागृह हसलं. मागून फ्लॉसीबाईंचं हसणं सगळ्यांत वर ऐकू आलं. तू हात पुढे केलास मला उठवायला. मी तो घेतला नाही.

आमच्याकडे वस्ताद चेल्याला खेळवतो तेव्हा चेला त्याची पाठ लावत नाही. लावायची ताकद असली तरी नाही. तो शेवटी आपणहून खाली बसतो, वस्तादाच्या पायांना हात लावतो आणि लोक टाळ्या वाजवतात. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, मी सहा-सात वर्षांचा असल्यापासून बघत आलो होतो. म्हणून मीही ते तुला कधी शिकवलं नाही. जगात सगळ्यांना हे ठाऊकच असतं, असं मी धरून चाललो. पाचूबंदरच्या पोरीला ते कुठून ठाऊक असणार. तू माझा धडा पाळलास. समोर कोण आहे ते बघितलं नाहीस.

मला राग आला होता, हे आज कबूल करतो. पडलो तरी नाक वर, असा मी माणूस आहे.

समारंभ सात डिसेंबरला आहे. प्रमुख पाहुणी संपदा. ती आता पोलिसांत आहे, खेळाडूंच्या जागेवर लागली. तूही ये.

खराडे सर


५ नोव्हेंबर २०२५

ब्रिटनी,

मागचं पत्र टाकून आलो आणि स्वतःवर खूश झालो. केवढं कबूल केलं, म्हणून. रात्री जेवताना यमुनाला वाचून दाखवल्यासारखं सगळं सांगितलं. ती पोळी वाढता वाढता म्हणाली, "राग आला हे सांगितलंत. रागात काय केलंत ते नाही सांगितलं." त्याबद्दल तिला मी कधीच काही बोललो नव्हतो. पस्तीस वर्षांच्या संसारात माणूस न बोलताच उघडा पडतो.

तर ते सांगतो.

आपल्या पी.टी.च्या खोलीतला वजनकाटा तुला आठवतो. फळीवर उभं राहायचं आणि समोरच्या दांडीवर मी वजन सरकवणार. आकडा माझ्या बाजूला असायचा, तुमच्या नाही. बारा तारखेला सकाळी तालुका स्पर्धेला निघण्याआधी मी तुम्हा दोघींना काट्यावर घेतलं. ४६ किलोत शाळेचं एकच नाव जाणार होतं आणि ते तुझं होतं, संपदा राखीव होती. नाव बदलायची मुभा त्या सकाळपर्यंत होती.

तू दोन दिवस मीठ आणि भात सोडला होतास, मी सांगितलं म्हणून. तुझे ओठ सुकले होते. तू काट्यावर चढलीस आणि भिंतीकडे बघत उभी राहिलीस, कारण वजन होताना हलायचं नाही हेही मीच शिकवलं होतं. दांडी ४५.८०० ला स्थिर झाली. तू वजनात होतीस. दोनशे ग्रॅम हाताशी होते.

मी फळीच्या मागच्या कडेवर बुटाचं टोक टेकवलं. थोडं दाबलं आणि वजन सरकवून दांडी पुन्हा सरळ केली. मग म्हणालो, चारशे ग्रॅम जास्त. तू फळीवरूनच वाकून माझ्या बाजूचा आकडा बघितलास. दांडी तेच सांगत होती, कारण माझा पाय अजून तिथंच होता.

तू विचारलंस, "सर, परत करू या का?" मी म्हटलं, काटा खोटं बोलत नाही. संपदाला गाडीत बसवलं आणि निघालो. ती तालुक्याला जिंकली, जिल्ह्याला जिंकली, विभागाला जिंकली आणि राज्याला तिसरी आली. तू सोमवारपासून आखाड्यात आली नाहीस. मी कुणाला विचारलंही नाही की ब्रिटनी का येत नाही. ते बघून कुणाला तरी संशय यायला हवा होता. पण शाळेत पी.टी.च्या सरांवर संशय घ्यायला कुणाला वेळ नसतो.

हे मी रागाच्या भरात केलं असं लिहिणार होतो. ते खरं नाही. एकोणतीस ते बारा म्हणजे दोन आठवडे होतात. भर दोन आठवडे टिकत नाही. मी ठरवून केलं. मला वाटलं, एक स्पर्धा चुकेल, पोरीला थोडी समज येईल, पुढच्या वर्षी नेऊ. पंधरा वर्षांच्या मुलीला समज यावी म्हणून शेचाळीस वर्षांच्या माणसानं हे केलं. पुढचं वर्ष तू मला दिलं नाहीस, ते ठीकच केलंस.

माफी मागतो. तू ती द्यावीस असं म्हणत नाही. मागणं माझ्याकडे लागतं, म्हणून मागतो.

दिनानाथ खराडे


१८ नोव्हेंबर २०२५

ब्रिटनी,

तुझा मेसेज परवा आला. मी तो इतक्या वेळा वाचला की पाठ झाला आहे. तरी इथं उतरवून काढतो, म्हणजे त्यातला एकही शब्द मी सोयीनं विसरलो असं पुढे व्हायला नको.

"सर, मला तेव्हाच डाउट होता. स्मरणिकेत काय छापायचं ते छापा, मला फरक पडत नाही. मम्मीला पडतो. आदल्या दिवशी संध्याकाळी मला चक्कर आली म्हणून तिने जबरदस्ती एक वाटी पेज पाजली होती. तिला वाटतं त्या पेजेमुळे माझं वजन वाढलं. मी शंभर वेळा सांगितलं, सर खोटं बोलले. ती म्हणते, सर खोटं बोलणार नाहीत, तूच ऐकत नाहीस कोणाचं. मी घर सोडलं त्यात हे पण होतं. तिला तुमच्या तोंडून सांगा. मला फोन करू नका."

मला हे ठाऊक नव्हतं. खरंच नव्हतं.

मी सोळा वर्षं महिन्यातून एकदा पाचूबंदरला मासळीला जातो. फ्लॉसीबाई माझा वाटा करतात आणि वर दोन-तीन बोंबील टाकतात. मी नको म्हटलं की म्हणतात, राहू द्या, तुमी पोरीवर मेहनत घेतली. दरवेळी म्हणतात. मला वाटायचं, बाई मोठ्या मनाची आहे. ते बोंबील मी घरी आणून खाल्ले आहेत. आता कळतं की त्या मनात स्वतःलाच दोष देत होत्या, माझ्या मेहनतीवर पाणी पाडलं म्हणून.

संपदाला मी फोन केला. तिचंही यात काही आहे, तिला छापील पानावरून कळायला नको होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "छापा सर. पण पदक मी माझ्या कुस्तीनं जिंकलंय, तेही छापा." बरोबर आहे तिचं. ते मी लिहिलं. तिनं आणखी एक विचारलं, ब्रिटनीला हे सांगितलंत का. मी हो म्हटलं. तेवढ्या एका प्रश्नाला मला सरळ उत्तर देता आलं.

रोवेना टीचरना पान दाखवलं. त्यांचं म्हणणं, सर, सोहळ्याची स्मरणिका आहे, 'तांत्रिक कारणामुळे सहभाग नाही' असं लिहिलं तर चालणार नाही का. त्या चांगल्या मनानं म्हणाल्या. मी म्हटलं, टीचर, मग चारही पानं परत द्या, इतिहास दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पान ठेवून घेतलं. ओळ अशी जाते आहे: '१२ सप्टेंबर २००९. ब्रिटनी, इयत्ता नववी. वजन ४५.८००. ४६ किलो गटासाठी पात्र. प्रशिक्षक दि. खराडे यांनी खोटं वजन नोंदवून तिला वगळलं.'

सातशे लोक वाचतील, त्याची मला भीती वाटत नाही. भीती एका बाईची वाटते. परवापासून रोज सकाळी चपला घालतो आणि रोज काही ना काही निघतं. काल विजेचं बिल निघालं. आज पाणी येणार होतं. यमुना नुसती पिशवी दाराशी आणून ठेवते.

मी जाईन.

खराडे


२६ नोव्हेंबर २०२५

ब्रिटनी,

आज सकाळी गेलो.

लिलाव उरकला होता. फ्लॉसीबाई ताडपत्रीच्या सावलीत मांदेली निवडत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी शेजारचा क्रेट पालथा घातला, वर गोणपाट टाकलं आणि बसा म्हणाल्या. यमुनाची चौकशी केली, गुडघ्यांची केली. कोणता वाटा करू म्हणून विचारलं. मी म्हटलं, आज मासळी नको, बोलायला आलोय. त्या म्हणाल्या, मग बोला, माझे हात चालू राहतात.

मी घोळ घातला. आधी क्रीडा दिनाचं सांगितलं, वस्ताद-चेल्याचं सांगितलं, साताऱ्याची रीत सांगितली. त्या मान हलवत होत्या. त्यांना वाटलं असेल मी तुझी तक्रार करतोय, इतक्या वर्षांनी. त्या म्हणाल्याही, "चुकलंच तिचं. लहान होती, सर." तेव्हा मला पुढचं ऐकवेना आणि मी एकदम बोललो. फ्लॉसीबाई, तिचं वजन बरोबर होतं, मी काट्यावर पाय ठेवला होता. तुमच्या पेजेनं काही झालं नव्हतं.

त्यांचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. समोर त्यांचा मासळीचा काटा होता, आकडे दिसतात तो, बॅटरीवरचा. त्याच्यावरची टोपली त्यांनी उचलून खाली ठेवली आणि म्हणाल्या, "कसा ठेवला पाय, दाखवा."

मी म्हटलं, असू दे. त्या म्हणाल्या, "दाखवा, सर."

मी उठलो. चपलेचं टोक काट्याच्या कडेला लावलं आणि दाबलं. आकडा चढला. दोनशे, साडेतीनशे, सहाशे. आजूबाजूच्या दोघी बाया बघत होत्या. फ्लॉसीबाई आकड्याकडे बघत राहिल्या. मी पाय काढला, आकडा शून्यावर आला, तरी त्या तिथंच बघत होत्या.

मला वाटलं होतं त्या शिव्या देतील. मी त्याची तयारी करून गेलो होतो. किंवा रडतील. त्यांनी तसं काही केलं नाही. टोपली परत काट्यावर ठेवली, एक मांदेली उचलली, ती तशीच हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, "पोरगी मला सांगत होती. मी तिला म्हनले, तू खोटारडी." थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाल्या. मला ऐकवायला नाही, त्यांचं त्यांनाच.

मी गेलो होतो त्यांच्या डोक्यावरचं एक ओझं काढायला. ते काढलं आणि त्याच जागी दुसरं ठेवून दिलं, हे मला तिथं उभं राहून दिसलं. याच्यावर माझ्याकडे काही उपाय नाही. तो तुझ्याकडे आहे, म्हणून हे पत्र आजच लिहून जॉयलच्या हाती देतोय, टपालात टाकत नाही.

मी निघायला लागलो तेव्हा त्यांनी हाक मारली. म्हणाल्या, "तिला फोन लावा." त्यांचा फोन घरी चार्जिंगला होता. मी म्हटलं, तिनं मला फोन करू नका असं सांगितलंय. त्या म्हणाल्या, "तुमी नका बोलू. मी बोलते."

मी लावला. त्यांचे हात मासळीचे होते, म्हणून मी वाकून फोन त्यांच्या कानाशी धरला. साडेदहा वाजले होते, तुझ्या कामाची वेळ. तुझ्या फोनवर माझं नाव दिसलं असेल. घंटी वाजत राहिली आणि फ्लॉसीबाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. घंटी थांबली तरी त्यांनी कान लगेच बाजूला केला नाही.

मग म्हणाल्या, "नाय उचलला." आणि मी फोन खिशात घालेपर्यंत थांबून म्हणाल्या, "बरोबर हाय तिचं."

दिनानाथ खराडे